दिघी: खोल पाण्याचं गाव

तुम्ही दिघीला उभे आहात आणि समोर समुद्र नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीची सकाळ आहे. पृथ्वीवरचं अमाप पाणी बर्फ होऊन ध्रुवांकडे आणि उत्तरेच्या खंडांवर साठलंय, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली उतरलीय. पश्चिमेकडे कितीही डोळे ताणले तरी लाट दिसत नाही. किनारा पार क्षितिजापलीकडे सरकलाय. तुमच्या पायांखाली एक दरी आहे. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाचे उतार, माथ्यावर तांबडा जांभा, तळाशी पूर्वेच्या डोंगरांतून आलेली नदी. उतरून पलीकडे चालायला लागलात तर आजच्या आगरदांड्याला पोचाल, आणि नदी ओलांडताना भिजतील तेवढेच पाय भिजतील. डावीकडे, दरी जिथे रुंद होते तिथे, एक खडकाळ टेकाड आहे. ते नीट पाहून ठेवा. पुढे त्याच्याभोवती पाणी येईल आणि त्याच्यासाठी माणसं पिढ्यान् पिढ्या मरतील.

बर्फ वितळलं, समुद्र चढत आला, दरी बुडाली. तिलाच आपण राजपुरीची खाडी म्हणतो, आणि त्या टेकाडाला जंजिरा. गाळाने भरून उथळ झालेल्या खाड्या कोकणात पुष्कळ आहेत. ही खाडी बुडालेल्या दरीची म्हणून खोल राहिली, आणि तिच्या दक्षिण काठावर, डोंगराच्या आडोशाला, वाऱ्यापासून जपलेलं दिघी आहे. आज ते श्रीवर्धन तालुक्यातलं लहानसं बंदर आहे. या गावाचा सगळा इतिहास मला एका वाक्यात दिसतो: खोल पाणी इथलं, आणि त्यावर डोळा नेहमी बाहेरच्यांचा.

आता भरतीबरोबर आत चला. इसवी सनाचं दुसरं शतक आहे. शीड सोडलंय, पाणी मागून रेटतंय, दोन्ही काठांना तिवरांची गर्द रांग. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर निवट्या टुणटुण उडतात, बगळे टपून बसलेत. खाडी अरुंद होत जाते, मांदाडकडे वळते, आणि डोंगराच्या अंगावरून छिन्नीचा आवाज ऐकू येतो. हे कुडं. इथे बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली जात आहेत. आज मोजली तर सव्वीस भरतात. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं कोरणाऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहा आणि पैसे कोणी दिले ते वाचून घ्या. महाभोज म्हणवणारं इथलं सत्ताधारी घराणं आहे, ते ठीकच. पण एक दान कराडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचं आहे. एक माळ्याचं. एक वैद्याचं. एका ब्राह्मण उपासकाच्या बायकोने अख्खं चैत्यगृह दिलंय.

कराडचा लोखंडवाला सह्याद्री उतरून इथे का येतो? कारण खालच्या धक्क्याला गलबतं लागतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या समुद्रवर्णनात चेऊलच्या खालोखाल मंदगोर नावाचं बंदर येतं, आणि काही अभ्यासक ते याच खाडीत, मांदाडला दाखवतात. घाटावरचा माल खाली, परदेशचा माल वर, आणि मधल्या उतारावर भिक्षूंची वसती: दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोकणाचा हा सगळा व्यवहार या एका डोंगरावरून दिसतो. होडीवाल्याने दिलेला भात खाऊन घ्या. त्यात मिरची नसेल. ती यायला अजून तेरा-चौदाशे वर्षं आहेत.

परतताना दक्षिणेकडे वळून दिवेआगराला उतरा, पण थोडाच वेळ. साल १०६०, शके ९८२. नारळी-पोफळीच्या वाड्यांत एक दस्त होतोय आणि तो तांब्याच्या पत्र्यावर कोरला जातोय. त्याची भाषा मराठी आहे. तुम्ही कान दिलात तर अर्धंअधिक कळेल, आणि अंगावर काटा येईल. कारण मराठीत लिहिलेल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते.

आता पंधराव्या शतकाची अखेर. त्या टेकाडाभोवती कोळ्यांनी लाकडी मेढेकोट उभारलाय. राजपुरीच्या कोळ्यांचा नायक राम पाटील तिथे नांदतो. समुद्रावरच्या चाच्यांपासून बायकापोरं आणि मासे जपायला त्याने हा कोट बांधलाय, आणि तो कुणाला जुमानत नाही. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेशात येतो. गलबतात मद्याची पिंपं आहेत असं सांगून तो आसरा मागतो, मेजवानी होते, कोळी झिंगतात, आणि पिंपांतून शिपाई बाहेर पडतात. परंपरेने ही हकिगत अशीच सांगितली आहे. तुम्ही दिघीच्या उतारावरून एवढंच पाहता, की सकाळी कोटावरचं निशाण वेगळं आहे.

पुढे लाकडाचा दगड होतो. सतराव्या शतकात बेट सिद्दींच्या हाती येतं. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेली माणसं. त्यांतल्या पुष्कळांना गुलाम म्हणून विकून अरबी समुद्रापार आणलं होतं. तलवारीच्या आणि दर्यावर्दीपणाच्या बळावर ती सेनापती झाली, मग सत्ताधीश. दक्षिणेच्या इतिहासात मलिक अंबर जसा, तसे हे. घरापासून तोडून आणलेल्या माणसांनी परक्या समुद्रात एक राज्य उभं केलं आणि तीनशेहून अधिक वर्षं टिकवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्याच राज्याच्या जाचाने किनाऱ्यावरची गावं ओस पडली, हेही तितकंच खरं. श्रीवर्धनचे देशमुख भट याच जाचाने घाटावर गेले. त्या घरातला बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवा झाला.

या खाडीची सर्वांत भयाण रात्र १६७१ च्या शिमग्याची. इथे जरा थांबा.

तुम्ही दिघीच्या बाजूला, होळीच्या उजेडात उभे आहात. पौर्णिमा आहे, पाणी उधाणाचं. पलीकडे दंडा-राजपुरीचा कोट मराठ्यांच्या ताब्यात आहे आणि तिथेही होळ्या पेटल्यात. ढोलाचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येतो. बेट सिद्दीचं. वर्ष-दीड वर्षापूर्वी फत्तेखान सिद्दी शिवाजी महाराजांना बेट देऊन टाकायच्या बेतात आला होता. संबळ, कासीम आणि खैरियत या तिघांनी त्याला कैद केलं आणि मोगलांचा आश्रय घेतला. किनारा तोफेच्या टप्प्यात असेपर्यंत बेटाला झोप नाही, हे कासीमला पक्कं कळलेलं आहे. म्हणून त्याने सणाची रात्र निवडलीय.

खैरियत जमिनीच्या बाजूने चालून जातो आणि सगळं लक्ष तिकडे ओढून घेतो. कासीमच्या होड्या समुद्राकडून तटाला भिडतात. तुम्हाला आधी आरोळ्या ऐकू येतात. त्या शिमग्याच्या बोंबांहून वेगळ्या आहेत हे समजायला क्षणभर लागतो. मग सगळी खाडी दिवसासारखी उजळते. कोटातलं दारूचं कोठार उडालंय. आवाज पाण्यावरून येऊन छातीवर आदळतो. तुमच्या शेजारचा म्हातारा कोळी होळीकडे पाठ करून मुलांना डोंगराकडे पळवायला लागतो. जिंकलेल्या काठाची लूट कशी होते ते त्याने पाहिलेलं आहे. खाफीखानाने लिहून ठेवलंय की तो धमाका झाला त्या घटकेला कित्येक कोस दूर झोपलेले महाराज दचकून जागे झाले आणि राजपुरीवर काही अरिष्ट आलं असं म्हणाले. शत्रूच्या बखरकाराला ही आख्यायिका नोंदवावीशी वाटली, यावरून या कोटाचं मोल ओळखा.

पुढची पाच वर्षं भराभर जातात. बेटाच्या वायव्येला, समुद्रात, कांसा बेटावर महाराज पद्मदुर्ग बांधायला घेतात. काम सोपं नाही. जंजिऱ्याच्या तोफा समोर, आणि दगड, चुना, धान्य, पाणी सगळं होडीतून. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने रसद वेळेवर पोचवली नाही, तेव्हा जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. इतका धारदार ठपका मराठी पत्रव्यवहारात क्वचित सापडेल: तुमच्या ढिलाईने पद्मदुर्गाचे लोक उपाशी राहिले तर तुम्हाला जातीचा मुलाहिजा मिळणार नाही. समुद्रातल्या गवंड्याच्या पोटाची काळजी करणारा राजा त्या पत्रात दिसतो.

आणि आता १६७६. तुम्ही लाय पाटलाच्या होडीत आहात. अंधारी रात्र आहे. वल्ह्यांना चिंध्या गुंडाळल्यात. लाय पाटील पद्मदुर्गाचा कोळी. या खाडीचा प्रत्येक खडक, प्रत्येक ओढ त्याच्या पायांना पाठ. मोरोपंत पेशव्यांची फौज किनाऱ्यावर तयार आहे. बेत असा की पाटलाने तटाला शिड्या लावायच्या आणि पंतांच्या लोकांनी त्यांवरून चढायचं. होडी तटाच्या पायथ्याशी लागते. जंजिऱ्याचा तट पाण्यातून सरळ वर उठतो. लाट आपटली की शेवाळलेल्या दगडांवरून पाणी डोक्यावर येतं. वर पहारेकऱ्याच्या खोकल्याची चाहूल लागते. तुम्ही लाकडाला हात घालता आणि शिडी उभी राहते. मग दुसरी. मग आणखी.

आणि मग वाट पाहणं. पंतांची माणसं येत नाहीत. पाणी उतरायला लागतं, वारा बदलतो, पूर्वेला डोंगराची कड फिकी होते. पाटील शेवटपर्यंत थांबतो. उजेड फुटता फुटता शिड्या काढून होड्या अंधाराच्या शेवटच्या पट्ट्यातून परत फिरतात. महाराजांनी या धाडसासाठी त्याला पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाला, दर्यात फिरणाऱ्या कोळ्याला पालखीचा काय उपयोग? तेव्हा महाराजांनी गलबत बांधून दिलं, त्याचं नाव ‘पालखी’ ठेवलं, आणि त्याला सरपाटील केलं. परंपरेने जपलेल्या या हकिगतीत जंजिरा पडत नाही. पण या काठाच्या माणसाला त्याच्या कामाच्या जागी जाऊन मान दिलेला मला या सगळ्या इतिहासात एवढाच सापडतो.

१६८२ मध्ये संभाजी महाराज किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू घालायला घेतात आणि मोगली फौज कोकणात उतरल्याने काम सोडून जावं लागतं. १७३३ ते १७३६ बाजीरावाची मोहीम होते. चिमाजी आप्पाच्या लढाईत सिद्दी सात पडतो, मुलूख निम्मा होतो. बेट तरीही सिद्दीचंच राहतं.

इंग्रजी अमदानीत उतरा. १८८५ चं साल धरा. तलवारी भिंतीवर गेल्यात. नवाब सिद्दी अहमदखान मुरुडला समुद्राकडे तोंड करून नवा राजवाडा बांधतोय. संस्थानाला लोक हबसाण म्हणतात. दूर काठेवाडातलं जाफराबादही त्याच्याच हुकमतीखाली. किल्ल्याच्या तटाआत अजून वस्ती आहे, गोड्या पाण्याचे दोन तलाव भरलेले आहेत. दिघीच्या धक्क्यावर मचवे लागलेत. जळाऊ लाकूड, सुपारी, नारळ, सुकी मासळी मुंबईला जाते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात वेगळा भाव. बायका डोक्यावर पाटी घेऊन बोर्ली पंचतनच्या बाजाराला निघाल्यात. त्यांच्या मागे चाललात तर चढावर दम तुम्हाला लागेल, त्यांना नाही.

आणि माल जातो त्याच मचव्यातून माणसंही जातात. कोळी, आगरी, कुणबी आणि महार घरांतली पोरं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत. कोकणी मुसलमानांच्या घरांतले तरणे जहाजांवर, आणि काही थेट दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउनला. पुढे त्यांची नातवंडं आखातात जातील. गावात उरतात म्हातारे, बायका आणि मनीऑर्डरीची वाट. या किनाऱ्याची सगळ्यांत मोठी निर्यात माणसांची आहे, आणि ती कुठल्याच बंदराच्या आकडेवारीत नोंदली जात नाही.

१९४८ च्या जानेवारीची अखेर. देश स्वतंत्र होऊन साडेपाच महिने झालेत, हबसाण अजून नवाबाचं. नानासाहेब पुरोहित आणि तरुण मोहन धारिया यांची लोकसेना म्हसळ्याकडून चालून येते, ठाणी ताब्यात घेत श्रीवर्धनला पोचते, आणि नवाब सत्ता सोडतो. ३१ जानेवारी हा इथे जंजिरा मुक्तिदिन म्हणून पाळतात. आदल्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेलेत. आनंदाने फडकवायचा झेंडा आणि दुखवटा एकाच वेळी या गावांत आला. ती सकाळ तुम्ही अनुभवा, ती कुणाला सांगून कळणार नाही.

नंतर १९९३. ९ जानेवारीची रात्र. मुंबई दंगलीत जळतेय. दिघीच्या धक्क्याला होडी लागते. उतरवलेला माल कसला आहे ते पुढे खटल्यात उघड झालं: शस्त्रं आणि दारूगोळा. फेब्रुवारीत दक्षिणेला शेखाडीला आणखी दोनदा माल उतरतो, त्यात आरडीएक्स. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट होतात, २५७ माणसं मरतात. माल जाऊ देण्यासाठी कस्टम आणि पोलिसांतल्या ज्यांनी पैसे घेतले, त्यांना न्यायालयाने शिक्षा केल्या. पण गावाचं काय? दिघी हे नाव महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचलं ते या प्रकरणात. खोल पाणी, आडबाजूचा धक्का, विकला गेलेला पहारा: कटवाल्यांनीही तेच हेरलं जे पिरमखानाने हेरलं होतं. आणि ज्यांना त्या रात्रीबद्दल काहीच माहीत नव्हतं अशा शेकडो घरांनी तो संशय वर्षानुवर्षं वागवला. त्यांच्या बाजूने कुणीतरी एवढं म्हणायला हवं होतं.

३ जून २०२०, बुधवार. करोनाची टाळेबंदी. मुंबईतले चाकरमानी जीव मुठीत धरून गावी परतलेत, घरं भरलेली आहेत. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या, एवढंच नशीब. दुपारी बाराच्या सुमारास आभाळ पिवळसर होतं. मग निसर्ग चक्रीवादळ येतं. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वारा, झोत त्याहून जोराचे, आणि केंद्र अगदी याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास. तुम्ही पडवीत उभे राहू शकत नाही. कौलं सुटतात, पत्रे वाडीतून उडत जातात, आणि या सगळ्यावर एक आवाज असतो जो तुम्ही आधी कधी ऐकलेला नाही: पोफळी एकामागून एक मोडण्याचा. पोफळ वाकत नाही, कमरेतून तुटते. दोन-तीन तासांत वाडी आडवी होते.

संध्याकाळी वारा पडल्यावर वाडीत चला. आजोबांनी लावलेली झाडं, वडिलांनी शिंपलेली, त्यांवर चढवलेले मिरीचे वेल, सावलीतली जायफळं. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, नारळाला त्याहून कमी नाहीत. सत्तरीच्या माणसाने आज रोप लावलं तर कुणासाठी लावायचं? त्यानंतरच्या आठवड्यांत वीज नव्हती, फोन नव्हते, आणि भरपाई गुंठ्यांच्या हिशेबाने नको, झाडांच्या हिशेबाने द्या हे बागायतदारांना ओरडून सांगावं लागलं. एका गुंठ्यात पोफळी किती दाट लावतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते सांगायची गरज पडली नसती.

इथून मी तुम्हाला एका लांबच्या गावी नेतो, कारण दिघीचं उद्याचं रूप तिथे पाहता येतं. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं पोहांग. आज सुमारे पाच लाख वस्तीचं शहर. १९६८ पूर्वी ते आखाताकाठचं मासेमारीचं लहान शहर होतं. १९५० च्या युद्धात बेचिराख झालेलं, शाळकरी मुलांनी बंदुका धरून लढवलेलं. हिवाळ्यात किनाऱ्यावर दोऱ्यांवर मासे टांगून गार वाऱ्यात अर्धवट सुकवतात, त्याला ग्वामेगी म्हणतात. आपल्या वलांडीवरच्या बोंबलांपाशी वाढलेल्या माणसाला तिथे वेगळं वाटायचं नाही. मग सरकारने ठरवलं की पोलाद इथेच. जपानकडून मिळालेल्या नुकसानभरपाईच्या पैशातून कारखाना उभा राहिला. त्याचा प्रमुख पाक ते-जून कामगारांना बजावत असे: हा पूर्वजांच्या रक्ताचा पैसा आहे, काम फसलं तर सगळ्यांनी उजवीकडे वळून आखातात उडी घ्यायची. खाडीकाठची गावं उठवली गेली. ९ जून १९७३ ला तिथे पहिलं लोखंड वाहिलं, आणि देश उभा राहिला. ही खरोखर थोर गोष्ट आहे, ती कमी करून सांगू नये.

पण शहराच्या सोंगदो किनाऱ्यावर उभे राहा. जिथे सगळं शहर पोहायला जायचं, तिथली वाळू बंदराच्या कामांनंतर ओसरत गेली आणि शेवटी किनारा बंद करावा लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये हिन्नामनोर वादळात शेजारच्या ओढ्याला पूर येऊन पाणी कारखान्यात शिरलं आणि सगळ्या भट्ट्या थांबवाव्या लागल्या. हे अर्धशतकात पहिल्यांदाच घडलं. निसर्गाला आखाडा बदलावा लागत नाही, समुद्रकाठ सगळीकडे समुद्रकाठच असतो.

आणि हे पोहांग आपल्यापासून दूरही नाही. त्याच पोस्को कंपनीचा पोलादी पत्र्यांचा कारखाना माणगाव तालुक्यात विळे-भागाडला आहे. दिघी बंदरातून निघणारा राष्ट्रीय महामार्ग माणगावहून ताम्हिणीकडे जातो, तो त्याच्याच बाजूने.

आता आजच्या दिघीत या. आगरदांड्याहून फेरीबोटीने, जिला इथे जंगलजेट्टी म्हणतात, गाडीसकट पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही पलीकडे उतरता. डावीकडे होड्या, जाळी, सुकत घातलेला जवळा. उजवीकडे बंदराचा नवा धक्का. २००२ मध्ये राज्याच्या सागरी मंडळाने खासगी कंपनीशी करार केला, ती कंपनी कर्जात बुडाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी पोर्ट्‌सने ७०५ कोटी रुपयांना बंदर घेतलं. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा नवी औद्योगिक शहरं मंजूर केली, एकूण खर्च २८,६०२ कोटी. त्यांत महाराष्ट्रातलं एक दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र, सुमारे सहा हजार एकरांचं. शेजारी रेवस-रेड्डी सागरी मार्गाचा पूल खाडीवर यायचा आहे. तो झाला की भरती-ओहोटी बघून निघायची गरज उरणार नाही.

मी या नव्या औद्योगिक शहराच्या विरोधात नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कराडचा व्यापारी इथे आला तो बंदर होतं म्हणूनच. आणि गावातल्या पोराला पोटासाठी मुंबई, कुवेत किंवा केपटाउन गाठावं लागू नये, एवढी इच्छा प्रत्येक घरात आहे. माझं म्हणणं इतकंच, की या वेळी तरी लाय पाटलाला शिडीखाली एकटं सोडू नका. खाडीतला गाळ उपसला की डोल जाळी कुठे लावायची? सांडपाणी कुठे जाणार? तिवरं किती तोडणार? २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड हा जगण्याच्या हक्कावर घाला मानला आहे, हे नकाशा काढणाऱ्यांना सांगणार कोण? उन्हाळ्यात इथल्या वाड्यांना पाणी पुरत नाही, मग शहराला कुठून?

हे विचारायची जागा कायद्यात आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण परवानगीआधी जनसुनावणी घ्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी तिथे बसतो, आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. मात्र एकदा औद्योगिक वसाहत मंजूर झाली की आतल्या कारखान्यांना वेगळी जनसुनावणी घ्यावी लागत नाही. म्हणजे बोलायची संधी बहुतेक एकदाच येते. तेव्हा दिघी, बोर्ली, दिवेआगर, राजपुरी, मुरुड, माणगाव, रोहा, आणि या गावांतून मुंबईला गेलेले सगळे चाकरमानी, तुम्हाला सांगणं आहे: सुनावणीची नोटीस निघाली की हातात तीस दिवस असतात. सारांश मागून घ्या, वाचा, गावात मोठ्याने वाचून दाखवा. आणि त्या दिवशी रजा टाकून या.